सीमेवरचा अपवाद : अमेरिकेतील वंशाधारित संशय आणि त्याविरुद्धचे कायदे

एखाद्या व्यक्तीने काय केले यावरून नव्हे, तर ती कोणत्या वंशाची, वर्णाची किंवा मुलखाची दिसते यावरून पोलिसाने अथवा स्थलांतर खात्याच्या अधिकाऱ्याने तिच्यावर संशय घेणे, तिला अडवणे, तिची झडती घेणे किंवा तिच्याकडे कागदपत्रे मागणे, या प्रथेला अमेरिकेत ‘रेशियल प्रोफायलिंग’ म्हणतात; प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘वंशाधारित संशय’ ही संज्ञा योजली आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही प्रथा विधिमंडळांच्या आणि निवडणुकांच्या चर्चेचा विषय झाली, तरी तिची मुळे त्या राष्ट्राच्या स्थापनेच्याही आधीची आहेत आणि तिला आवर घालण्याच्या कायदेशीर प्रयत्नांनाही जवळजवळ दीड शतकाचा इतिहास आहे. या इतिहासाकडे एकत्रितपणे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. देशांतर्गत पोलिसी कारभारात वंशाधारित संशयावर बंधन येत गेले, पण राष्ट्राच्या सीमेसाठी आणि सुरक्षेसाठी दर वेळी एक अपवाद राखून ठेवण्यात आला, आणि तो अपवाद सीमेवर थांबला नाही. तो महामार्गांवर, शहरांत आणि मजुरांच्या कामाच्या ठिकाणी येऊन पोहोचला.

या प्रथेचा आरंभ गुलामगिरीच्या काळात सापडतो. दक्षिणेकडील वसाहतींत अठराव्या शतकातच गुलामांवर पाळत ठेवणारी गस्तीपथके कायद्याने उभी राहिली होती आणि मालकाची लेखी परवानगी जवळ नसलेल्या कोणाही कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यात थांबवण्याचा अधिकार त्यांना होता. या व्यवस्थेत गुन्हा घडल्याचा पुरावा अधिकाऱ्याने द्यायचा नसून आपण निर्दोष असल्याचा पुरावा अडवलेल्या माणसाने द्यायचा असे, आणि त्याला अडवण्याचे कारण म्हणून त्याचा वर्ण पुरेसा मानला जाई. यादवी युद्धानंतर १८६८ साली संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कोणत्याही राज्याला कोणत्याही ‘व्यक्ती’स कायद्याचे समान संरक्षण नाकारता येणार नाही, असे बंधन घातले. या तरतुदीत नागरिक असा शब्द न वापरता व्यक्ती असा शब्द वापरला गेल्यामुळे परदेशातून आलेल्या माणसालाही तिचा आधार मिळाला, आणि पुढच्या सर्व लढ्यांचा पाया तिनेच घातला.

या तरतुदीची पहिली मोठी कसोटी पॅसिफिक किनाऱ्यावरील चिनी कामगारांच्या निमित्ताने लागली. सॅन फ्रान्सिस्को नगरपालिकेने लाकडी इमारतींत धुलाईघर चालवण्यासाठी परवाना सक्तीचा केला. नियमात वंशाचा उल्लेखही नव्हता, पण अर्ज करणाऱ्या सुमारे २०० चिनी व्यावसायिकांपैकी प्रत्येकाला परवाना नाकारण्यात आला आणि इतरांना मात्र, एक अपवाद वगळता, तो देण्यात आला. यिक वो विरुद्ध हॉपकिन्स या १८८६ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की, कायद्याची भाषा निःपक्षपाती असली, तरी त्याची अंमलबजावणी पक्षपाती असेल, तर ती घटनेचा भंगच ठरते. वंशाधारित संशयाविरुद्धच्या कायद्याचे बीज या निर्णयात आहे, कारण अंमलदाराचा हेतू त्याच्या शब्दांतून नव्हे, तर त्याच्या कृतींच्या आकडेवारीतून ओळखता येतो, हे त्यात प्रथमच मान्य झाले.

याच दशकात त्याच न्यायालयाने सीमेच्या बाबतीत नेमका उलटा मार्ग धरला. देशाबाहेर गेलेल्या चिनी कामगारांच्या पुनःप्रवेशावर बंदी घालणारा १८८८ सालचा कायदा न्यायालयासमोर आला, तेव्हा परकीयांना वगळण्याचा अधिकार हा राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा भाग असून त्यात न्यायालयांनी सहसा हस्तक्षेप करू नये, असा सिद्धांत १८८९ साली मांडण्यात आला. या ‘पूर्णाधिकार सिद्धांता’च्या आधारावर संसदेने १८९२ साली गिअरी कायदा केला. त्यानुसार देशात आधीपासून कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येक चिनी कामगाराला निवासाचा दाखला काढावा लागे; तो जवळ नसल्यास त्याला अटक होई आणि आपण येथे हक्काने राहतो हे सिद्ध करण्यासाठी किमान एक विश्वासार्ह गौरवर्णीय साक्षीदार आणावा लागे. चिनी समाजाच्या संघटनांनी नोंदणीवर बहिष्कार पुकारला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, परंतु १८९३ साली न्यायालयाने बहुमताने कायदा वैध ठरवला. अशा रीतीने सात वर्षांच्या अंतराने दोन परस्परविरोधी वाटा खुल्या झाल्या : धुलाईघराच्या परवान्यासाठी चिनी माणसाला समान संरक्षण मिळाले, पण तोच माणूस रस्त्यावर आला की त्याचा चेहरा हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरू लागला.

चेहऱ्याला कायद्याच्या निकषाचे स्थान मिळण्याची ही प्रक्रिया भारतीयांपर्यंतही पोहोचली. नागरिकत्व केवळ ‘गौरवर्णीय’ आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच देणाऱ्या तत्कालीन कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात असे ठरवले की, मानववंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गौरवर्णीय समजत नाही, तो कायद्यानेही गौरवर्णीय नाही. या निर्णयानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम उघडली. कॅलिफोर्नियात वकिली करणाऱ्या सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ती वेळ आली; त्यांनी आपला खटला स्वतः लढवला आणि एकदा अंतिम झालेला नागरिकत्वाचा निर्णय सरकारला पुन्हा उकरून काढता येणार नाही, हे १९२६ साली फेडरल अपील न्यायालयाकडून मान्य करून घेतले. त्यांच्या विजयाने ही मोहीम खचली. मात्र जन्माने भारतीय असलेल्यांना नवे नागरिकत्व मिळण्यासाठी १९४६ सालच्या कायद्याची वाट पाहावी लागली.

सीमेवरील गस्तीसाठी स्वतंत्र दल १९२४ साली स्थापन झाले आणि पुढच्याच दशकात, आर्थिक मंदीच्या काळात, मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना देशाबाहेर जाण्यास भाग पाडण्यात आले. त्यांतील अनेक जण अमेरिकेत जन्मलेले नागरिक होते, परंतु झडतीसाठी आलेला अधिकारी जन्मदाखल्याआधी चेहरा पाहत असे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, ज्यांत दोन तृतीयांशांच्या आसपास नागरिक होते, कोणत्याही वैयक्तिक आरोपाविना छावण्यांत डांबण्यात आले आणि १९४४ साली कोरेमात्सू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या हकालपट्टीचा आदेश उचलून धरला. या अन्यायाची कबुली देणारा कायदा १९८८ साली संमत झाला, हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर देण्यात आले आणि सरकारने माफी मागितली. अमेरिकी संसदेने वंशाधारित संशय हा अपराध होता, असे इतक्या स्पष्टपणे क्वचितच म्हटले आहे, आणि तेही घटनेनंतर चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर.

नागरी हक्कांच्या चळवळीने या स्थितीत मूलभूत बदल घडवला. १९६४ सालच्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला, म्हणजे बहुतेक पोलीस खात्यांनाही, वंशभेद करण्यास मनाई केली आणि १९६५ सालच्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रीय मुळावर आधारलेली प्रवेशाची कोटापद्धती रद्द केली. परंतु याच काळात, १९६८ साली, टेरी विरुद्ध ओहायो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना एक नवा अधिकारही दिला. अटक करण्यासाठी लागणाऱ्या भक्कम कारणापेक्षा कमी, पण निव्वळ तर्कापेक्षा अधिक, अशा ‘वाजवी संशया’च्या आधारावर एखाद्याला थोडा वेळ थांबवून वरवर चाचपणे आता वैध ठरले. या वाजवी संशयात वंशाला स्थान आहे की नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा राहिला.

त्याचे उत्तर सीमेवरून आले. कॅलिफोर्नियातील सॅन क्लेमेंटे येथील तपासनाका बंद असताना गस्ती दलाच्या दोन अधिकाऱ्यांनी महामार्गावरून जाणारी एक मोटार केवळ आतील तिघे मेक्सिकन वंशाचे दिसले म्हणून थांबवली. १९७५ सालच्या ब्रिग्नोनी-पॉन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कृती अवैध ठरवली आणि मेक्सिकन वंशाचे दिसणे हे एकमेव कारण पुरेसे नाही, असे स्पष्ट केले; मात्र सीमाभागात ते विचारात घेण्याजोग्या अनेक घटकांपैकी एक असू शकते, असेही त्याच निकालात म्हटले. पुढच्या वर्षी मार्टिनेझ-फुएर्ते खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. मेक्सिकोच्या सीमेपासून ६६ मैल आत असलेल्या त्याच सॅन क्लेमेंटेच्या कायम नाक्यावर एखाद्या वाहनाला मुख्यतः प्रवाशांच्या वंशावरून अधिक चौकशीसाठी बाजूला घेतले, तरी त्यात घटनाभंग नाही, असा निर्णय बहुमताने झाला. स्थलांतर खात्याच्या नियमांनुसार बाह्य सीमेपासून १०० मैलांपर्यंतचा प्रदेश हा तपासणीच्या विशेष अधिकारांचा पट्टा आहे आणि समुद्रकिनारा हीसुद्धा बाह्य सीमाच असल्यामुळे न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस ही महानगरे त्या पट्ट्यात मोडतात. हा भूगोल लक्षात घेतला म्हणजे सीमेसाठी म्हणून दिलेली सवलत प्रत्यक्षात किती लोकांच्या दारापर्यंत येते, हे समजते.

अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेने हाच तर्क देशाच्या अंतर्भागात नेला. तस्कर कसा दिसतो, कसा वागतो आणि कोणत्या वाहनाने प्रवास करतो, यांची ठोकळेबाज लक्षणयादी प्रथम १९७०च्या दशकात विमानतळांवर वापरली गेली, आणि १९८४ साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन पाइपलाइन’ या केंद्रीय कार्यक्रमातून राज्यांच्या महामार्ग पोलिसांना तस्करांची वाहने हेरण्याचे प्रशिक्षण मिळू लागले. मे १९९२ मध्ये रॉबर्ट विल्किन्स हे कृष्णवर्णीय वकील आजोबांचा अंत्यविधी आटोपून कुटुंबीयांसह शिकागोहून परतत असताना मेरीलँडमध्ये त्यांची भाड्याची मोटार अडवण्यात आली. झडतीला संमती देण्यास त्यांनी कायद्याचा हवाला देऊन नकार दिला, तेव्हा कुत्रा येईपर्यंत सर्वांना पावसात थांबवून ठेवण्यात आले आणि हाती काहीही लागले नाही. त्यांनी दावा दाखल केला. तस्करीच्या संदर्भात कृष्णवर्णीय प्रवाशांवर लक्ष ठेवण्यास सुचवणारी पोलिसांची अंतर्गत टिपणी त्यात उघडकीस आली. १९९५ साली झालेल्या तडजोडीचा सर्वांत महत्त्वाचा भाग नुकसानभरपाईचा नव्हता. राज्य पोलिसांनी यापुढे महामार्गावरील प्रत्येक झडतीची, वाहनचालकाच्या वंशासह, नोंद ठेवून ती न्यायालयाला सादर करावी, अशी अट त्यात होती.

या अटीतून निघालेल्या आकड्यांनी वादाचे स्वरूपच पालटून टाकले. संख्याशास्त्राचे अभ्यासक जॉन लॅम्बर्थ यांनी मेरीलँडच्या ९५ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाचे निरीक्षण केले, तेव्हा वाहनचालकांत सुमारे १७ टक्के असलेले कृष्णवर्णीय झडती झालेल्यांत मात्र ७० टक्क्यांहून अधिक असल्याचे आढळले, आणि झडतीत काही आक्षेपार्ह सापडण्याचे प्रमाण दोन्ही वर्णांच्या चालकांत जवळजवळ सारखेच होते. वंशावरून संशय घेतल्याने गुन्हेगार अधिक सापडतात, हा त्या प्रथेचा एकमेव व्यावहारिक आधार या शेवटच्या आकड्याने काढून घेतला. न्यू जर्सीतील टर्नपाइक महामार्गाबाबत याच पद्धतीच्या अभ्यासावर विसंबून १९९६ साली राज्याच्या न्यायालयाने पुरावे बाद ठरवले, आणि १९९९ साली राज्य सरकारने ही प्रथा अस्तित्वात असल्याचे मान्य करून केंद्रीय न्याय खात्याशी देखरेखीचा करार केला.

नोंदीचे महत्त्व वाढण्यामागे एक न्यायालयीन कारणही होते. १९९६ सालच्या व्रेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे ठरवले की, वाहतुकीच्या नियमाचा खराखुरा भंग झाला असेल, तर वाहन थांबवण्यामागचा अधिकाऱ्याचा खरा हेतू झडतीविषयक घटनात्मक तरतुदीच्या दृष्टीने गैरलागू आहे. वंशभेदाची तक्रार असल्यास ती समान संरक्षणाच्या तरतुदीखाली करावी. परंतु त्या तरतुदीखाली भेदभावाचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि एका अडवणुकीवरून अधिकाऱ्याच्या मनातील हेतू सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. न्यायालयाने बंद केलेले दार उघडण्याची जबाबदारी यामुळे विधिमंडळांवर आली. मिशिगनचे प्रतिनिधी जॉन कॉन्यर्स यांनी वाहतुकीतील अडवणुकींची राष्ट्रीय आकडेवारी गोळा करण्याचे विधेयक १९९७ साली मांडले. ते प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये अडकले. राज्यांनी मात्र वाट पाहिली नाही. १९९९ साली नॉर्थ कॅरोलायना व कनेक्टिकट यांनी अशी नोंद कायद्याने बंधनकारक केली आणि नंतर इतर अनेक राज्ये त्या मार्गाने गेली. न्यू जर्सीने तर २००३ साली वंशाधारित संशयावरून केलेली कारवाई हा फौजदारी गुन्हा ठरवला.

२००१ सालच्या पूर्वार्धात राष्ट्रीय कायदा दृष्टिपथात आला होता. नवनिर्वाचित अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी फेब्रुवारीत संसदेसमोरील भाषणात ही प्रथा चुकीची असून ती बंद केली जाईल, असे जाहीर केले, आणि जूनमध्ये कॉन्यर्स व सिनेटर रसेल फाइनगोल्ड यांनी ‘वंशाधारित संशय समाप्ती विधेयक’ मांडले. प्रथेवर सर्व स्तरांवर स्पष्ट बंदी, आकडेवारीची सक्ती, बंदी न पाळणाऱ्या खात्यांचा केंद्रीय निधी रोखण्याची तरतूद, पीडिताला थेट न्यायालयात जाण्याचा हक्क आणि विषम आकडेवारीला प्रथमदर्शनी पुराव्याचा दर्जा, ही त्याची प्रमुख अंगे होती. ऑगस्टमध्ये त्यावर सिनेटच्या समितीत सुनावणी झाली आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर दहशतवादी हल्ले झाले. त्यानंतर हवा पूर्णपणे पालटली. २००२ साली सुरू झालेल्या विशेष नोंदणी योजनेत २५ देशांतील, आणि त्यांत उत्तर कोरिया वगळता सर्व मुस्लिमबहुल देशांतील, १६ वर्षांवरील पुरुषांना स्थलांतर कार्यालयात हजर होऊन बोटांचे ठसे व जबाब देणे भाग पडले. ८०,००० हून अधिक जण स्वतः होऊन हजर झाले, त्यांपैकी १३,००० हून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली, परंतु दहशतवादाच्या आरोपाखाली एकालाही शिक्षा झाली नाही. ही योजना २०११ साली स्थगित झाली आणि तिचे नियम २०१६ साली रद्द झाले.

बुश यांच्या न्याय खात्याने जून २००३ मध्ये केंद्रीय यंत्रणांसाठी वंशाधारित संशयाविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या या पार्श्वभूमीवर वाचल्या पाहिजेत. नेहमीच्या पोलिसी कामात वंशाचा आधार घेण्यास त्यांनी मनाई केली, हे पाऊल निश्चितच महत्त्वाचे होते. पण राष्ट्रीय सुरक्षा आणि सीमेचे रक्षण ही दोन क्षेत्रे त्यातून वगळली होती, धर्माचा त्यात समावेश नव्हता आणि त्यांच्या आधारे कोणालाही न्यायालयात जाता येत नव्हते. २०१४ साली त्यांत धर्म, राष्ट्रीय मूळ, लिंगभाव आणि लैंगिकता यांची भर पडली, तरी सीमेलगतची तपासणी पुन्हा बाहेरच राहिली. शिवाय अशा सूचना एका प्रशासनाने काढलेल्या असतात आणि दुसरे प्रशासन त्या मागे घेऊ शकते. कायद्याचे स्थैर्य त्यांना नसते.

सीमेवरचा अपवाद स्थानिक पोलिसांच्या हाती गेल्यावर काय होते, हे ॲरिझोनाने दाखवले. स्थानिक पोलिसांना स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी सोपवण्याची मुभा १९९६ सालच्या केंद्रीय कायद्याने दिली होती. २०१० साली ॲरिझोनाने स्वतःचा कायदा करून, थांबवलेल्या व्यक्तीच्या वास्तव्याविषयी वाजवी संशय असल्यास तिची कागदपत्रे तपासणे पोलिसांवर बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली या कायद्याची आव्हान दिलेल्या चारपैकी तीन कलमे रद्द केली, परंतु कागदपत्रांचे कलम तूर्त राहू दिले. त्याच राज्यातील मॅरिकोपा परगण्याचे शेरीफ जो आर्पायो यांच्या पथकांविरुद्ध लॅटिन अमेरिकन वंशाच्या वाहनचालकांनी भरलेल्या दाव्यात फेडरल न्यायाधीश मरे स्नो यांनी २०१३ साली वंशाधारित संशय सिद्ध झाल्याचा निर्णय दिला. न्यायालयाचा मनाई हुकूम मोडल्याबद्दल आर्पायो २०१७ साली दोषी ठरले आणि त्याच वर्षी अध्यक्षांनी त्यांना माफी दिली.

२०१३ सालीच न्यूयॉर्क शहरातील ‘थांबवा व चाचपा’ या पोलिसी धोरणाविरुद्धचा निकाल लागला. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात झालेल्या ४४ लाख अडवणुकींपैकी ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांच्या होत्या आणि ८८ टक्के प्रसंगी पुढे कोणतीही कारवाई करण्यासारखे काही निघाले नाही, या आकड्यांवर तो निकाल उभा होता. आणि प्रत्येक अडवणुकीचा तक्ता भरण्याची सक्ती पोलिसांवर नसती, तर हे आकडेच उपलब्ध झाले नसते. कॅलिफोर्नियाने २०१५ सालच्या कायद्याने ही सक्ती राज्यातील सर्व पोलीस खात्यांवर घातली आणि आकडेवारीचे दरवर्षी परीक्षण करणारे स्वतंत्र मंडळ नेमले. राष्ट्रीय पातळीवर मात्र जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर तयार झालेले, वंशाधारित संशयावरील बंदी सामावून घेणारे विधेयक २०२० व २०२१ साली प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये थांबले.

१९७५ सालच्या निकालातील त्या एका सवलतीचा पूर्ण परिणाम पन्नास वर्षांनी दिसला. २०२५ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये केंद्रीय पथकांनी मोटारी धुण्याची केंद्रे, बसथांबे आणि रोजंदारी मजुरांचे अड्डे येथे धाडी घातल्या. दिसणारा वंश, स्पॅनिश भाषा किंवा विशिष्ट ढबीचे इंग्रजी, माणूस उभा असलेली जागा आणि त्याचे काम, एवढ्याच चार गोष्टींच्या आधारावर कोणालाही ताब्यात घेऊ नये, असा हंगामी आदेश फेडरल न्यायालयाने जुलैमध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर रोजी त्याला स्थगिती दिली. बहुमतातील न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात ब्रिग्नोनी-पॉन्स निकालाचाच आधार घेतला, तर न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी दोन सहकाऱ्यांसह त्याला तीव्र विरोध नोंदवला. सीमेजवळच्या महामार्गासाठी सांगितलेला ‘अनेक घटकांपैकी एक’ आता महानगराच्या बसथांब्यावर लागू झाला होता.

या दीर्घ इतिहासातून दोन निष्कर्ष ठामपणे काढता येतात. पहिला असा की, वंशाधारित संशयाला रोखण्यात नुसत्या निषेधापेक्षा नोंदीने अधिक काम केले आहे. यिक वो खटल्यातील परवान्यांपासून न्यूयॉर्कच्या तक्त्यांपर्यंत जेथे जेथे अन्याय सिद्ध झाला, तेथे तो मोजता आला म्हणून सिद्ध झाला, आणि म्हणून प्रत्येक अडवणुकीची नोंद ही कोणत्याही गंभीर कायद्याची पहिली अट असली पाहिजे. दुसरा निष्कर्ष अधिक कठोर आहे. सीमा, सुरक्षा किंवा स्थलांतर यांच्या नावाने ज्या कायद्यात अपवाद ठेवला जातो, त्या कायद्याचा अपवादच कालांतराने नियमाची जागा घेतो, कारण परकीय कोण हे अधिकाऱ्याला चेहऱ्यावरून कळत नाही आणि तरीही तो चेहऱ्यावरूनच ते ठरवू लागतो. त्याची किंमत प्रथम परकीयाला आणि लगेच त्याच्यासारख्या दिसणाऱ्या नागरिकाला मोजावी लागते. चौदाव्या घटनादुरुस्तीने समान संरक्षण ‘व्यक्ती’ला दिले होते. ते वचन पाळायचे असेल, तर अमेरिकी संसदेला २००१ साली अर्धवट राहिलेला कायदा पूर्ण करावा लागेल आणि तो पूर्ण करताना सीमेचा अपवाद त्यातून काढून टाकावा लागेल.